बिनसाखरेच्या चॉकलेट कुकीज : पावसाळ्यातली नोंद

आता कुकी ट्रेवरून उचलताना मोडत नाही, दुसऱ्या दिवशी दाताखाली फारशी कचकचत नाही आणि आबा चहाबरोबर दुसरी मागून घेतात. मागच्या नोंदीनंतर एवढी मजल गाठली. कडेला कुरकुरीत आणि मध्ये मऊ अशी कुकी मात्र अजून जमलेली नाही, त्याबद्दल शेवटी.

साखर काढल्यावर अडचण गोडीची येतच नाही. गोड करणाऱ्या पुड्या हव्या तेवढ्या मिळतात. पण कुकीत साखर बाकीचीही कामं करत असते. ती वितळून पिठाला पसरवते, भाजताना रंग आणि खमंगपणा आणते, ओल धरून ठेवते, गार झाल्यावर कडा कडक करते. ती गेली की ही सगळी कामं एकेकाला वाटून द्यावी लागतात. म्हणून "साखरेच्या जागी तेवढंच अमुक घाला" असं सांगणाऱ्या कृती मी आता वाचतच नाही.

कोल्हापुरात राहायचं आणि "मग गूळ घाल की" हे ऐकायचं नाही, असं व्हायचं नाही. आमच्या गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, अभिमान मलाही आहे. पण गुळात बहुतेक सुक्रोजच असतं, आणि आबांच्या शुगरला ते साखरेतून आलं की गुऱ्हाळातून, याचं काही पडलेलं नसतं. गूळ पोळीत घालावा, या कुकीत नाही.

मी एरिथ्रिटॉलवर स्थिरावले आहे, म्हणजे साखरेऐवजी वापरायची एक पांढरी, दाणेदार गोड पूड. गोडी साखरेच्या साधारण 70 टक्के, उष्मांक नगण्य. पोटात गेलेलं बहुतेक एरिथ्रिटॉल रक्तात जातं आणि तसंच लघवीतून बाहेर पडतं. खोड एकच, पण मोठी. पहिला घास घेऊन आबा म्हणाले, "ह्यात काय घातलंयस गं? पेपरमिंटची गोळी खाल्ल्यागत जीभ गार पडली." अगदी बरोबर पकडलं त्यांनी. एरिथ्रिटॉल विरघळताना उष्णता शोषून घेतं, म्हणून तोंडात थंडावा येतो. शिवाय ते पाण्यात फार विरघळत नाही. खोलीच्या तापमानाला 100 ग्रॅम पाण्यात साखर 200 ग्रॅमच्या आसपास मावते, एरिथ्रिटॉल त्याहून खूपच कमी. त्यामुळं ओव्हनमध्ये सगळं छान मिसळल्यासारखं वाटतं, आणि कुकी गार झाली की त्याचे खडे परत जमतात. दुसऱ्या दिवशीची कचकच ती हीच.

उपाय दोन केले. आधी एरिथ्रिटॉल मिक्सरमध्ये पिठीसाखरेसारखं बारीक करते, झाकण लगेच उघडत नाही, नाहीतर पांढरी धूळ थेट नाकात. दुसरं म्हणजे त्याचं प्रमाणच कमी केलं आणि राहिलेली गोडी स्टीव्हियाच्या, म्हणजे एका गोड पानाच्या अर्काच्या, चिमटीनं भरून काढली. चिमूट म्हणजे खरोखर चिमूट. स्टीव्हियातली गोड द्रव्यं साखरेच्या 200 ते 300 पट गोड असतात, हात जरा सैल सुटला की घशात कडवटपणा राहतो. कोकोचा स्वतःचा कडूपणा आणि मिठाचा खडा यांनी बरंच झाकलं जातं. पाव चमचा कॉफी पावडरही घाला, चॉकलेटची चव एकदम वर येते.

चॉकलेटच्या तुकड्यांबाबत सावध राहा. 'शुगर फ्री' लिहिलेल्या चॉकलेटच्या वेष्टनावर माल्टिटॉल (साखरेऐवजीचा आणखी एक गोड पदार्थ) किंवा त्याचा क्रमांक 965 दिसला की मी ते परत फडताळात ठेवते. त्याचा ग्लायसेमिक इंडेक्स (रक्तातली साखर किती चढते त्याचं माप, ग्लुकोजचं 100) 35 च्या आसपास असतो, म्हणजे रक्तातली साखर वाढतेच, आणि जास्त खाल्लं तर पोट धरून बसायची वेळ येते. त्यापेक्षा 85 टक्के कोकोचं साधं डार्क चॉकलेट सुरीनं चिरून थोडंसं घातलेलं परवडतं. कोको घेताना ड्रिंकिंग चॉकलेट उचलू नका, त्यात साखर ठासून भरलेली असते.

आता पीठ. निव्वळ बदामाचं पीठ चवीला उत्तम, खिशाला जड. मी इथल्या लक्ष्मीपुरीच्या बाजारातून बदाम आणते, भिजवून सोलते, पंख्याखाली पूर्ण वाळवते आणि फ्रीजमध्ये गार करून मग मिक्सर थांबत-थांबत फिरवते. सलग फिरवलं की तेल सुटून गोळा होतो. मग मैद्याच्या चाळणीनं चाळायचं, वर राहिलेला रवा भाजीच्या वाटणाला जातो. पैसे वाचवायला थोडं शेंगदाण्याचं कूट मिसळते. दाणे हलके भाजून, सालं काढून, अगदी बारीक. एकूण पिठाच्या पावभागापर्यंत दाणे कळत नाहीत. त्यापुढं गेलात की कुकीला उपवासाच्या लाडवाची चव येते, आणि मग चॉकलेट कितीही घाला, उपयोग नाही.

सध्याचं माप असं: बदामाचं पीठ 150 ग्रॅम, दाण्याचं कूट 50, कोको 30, एरिथ्रिटॉल 80, लोणी 90, चिरलेलं चॉकलेट 40, एक अंडं, अर्धा चमचा बेकिंग पावडर, एक चमचा इसबगोल, मीठ, व्हॅनिला, शिवाय वर सांगितलेली स्टीव्हियाची चिमूट आणि कॉफी. चमचा म्हणजे चहाचा. इसबगोल औषधाच्या दुकानातलं साधंच. गव्हातलं चिवट ग्लुटेन नसल्यामुळं पीठ धरून ठेवणारं काही नसतं, ते काम हे करतं. त्याला भिजून फुगायला वेळ लागतो, म्हणून मळून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवायचं. लोणी घरचं म्हशीच्या सायीचं असेल तर ताक पूर्ण निथळू द्या, नाहीतर कुकी केकसारखी फुगते. लोण्याऐवजी तूप घातलं तर पोत नानकटाईकडं झुकतो. आबांना तेच आवडलं, मला नाही.

ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) 160 अंश सेल्सिअसवर आधी तापवून, मधल्या खणात, दोन्ही रॉड चालू, 12 मिनिटं. ही कुकी आपणहून फारशी पसरत नाही, म्हणून गोळा तळहातानं सेंटीमीटरभर जाडीचा चपटा करूनच ट्रेवर ठेवायचा. रंगावरून अंदाज घेऊ नका. एरिथ्रिटॉल तांबूस होत नाही आणि कोकोत रंग दिसतही नाही. कडेची चकाकी जाऊन ती कोरडी दिसू लागली की बंद करायचं, मध्य अजून कच्चा वाटत असला तरी. आणि ट्रेला हात लावायचा नाही! गरम असताना ती उचलली तर हातात चुरा येतो. वीस-पंचवीस मिनिटांत आपोआप घट्ट होते.

पावसाळ्यात एक गंमत लक्षात आली. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांच्या इशारा पातळीला टेकली त्या आठवड्यात घरातली खारी, बेकरीतली नानकटाई, सगळं सादळलं होतं. या कुकीज उघड्या ताटलीत रात्रभर राहूनही कडेला बऱ्यापैकी टणक होत्या. एरिथ्रिटॉल हवेतली ओल सहसा ओढत नाही, त्याचा हा फायदा. तोटाही त्यातच आहे, कारण ओल धरत नाही म्हणून मध्य मऊ राहत नाही.

एवढ्या मापात 20 कुकीज होतात. तंतू आणि एरिथ्रिटॉल वजा करून एका कुकीत अंदाजे दीड-दोन ग्रॅम कार्ब येतात. मैदा-साखरेच्या तेवढ्याच कुकीत 13-14 तरी असतात. पण लोणी-बदामामुळं उष्मांक काही कमी नाहीत, "शुगरवाल्यांना चालतात" म्हणून डबा पुढ्यात घेऊन बसू नये. शिवाय 2023 मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये आलेल्या एका अभ्यासात रक्तातलं जास्त एरिथ्रिटॉल आणि हृदयविकार, पक्षाघात यांचा संबंध दिसला होता. त्यातून एरिथ्रिटॉलच कारण आहे असं सिद्ध होत नाही, तरी त्याच अभ्यासात निरोगी माणसांना 30 ग्रॅम एकदम दिल्यावर रक्तातली पातळी दोन दिवसांहून जास्त चढलेली राहिली, हे मला दुर्लक्ष करण्यासारखं वाटत नाही. एका कुकीत 4 ग्रॅम जातं. आबांना दिवसाला दोन, बस. ते कुरकुरतात, कुरकुरू देत.

पुढच्या खेपेला मध्य मऊ ठेवण्यासाठी फक्त पिवळं बलक घालून बघणार आहे, आणि थोडं बदामाचं पीठ काढून खोबऱ्याचं घालणार आहे. खोबऱ्याचं पीठ पाणी फार पितं एवढं माहीत आहे. कुणी कोकोबरोबर वापरलं असेल तर ओलाव्यासाठी काय आणि किती वाढवलं ते सांगा, म्हणजे माझे बदाम वाचतील.