पाहुणा यजमान

मटार सोलताना हात अडकलेले असतात आणि डोळे मोकळे असतात. जानेवारीतल्या एका दुपारी आई आणि मी दोन किलो शेंगांचा ढीग मध्ये घेऊन बसलो होतो, आणि डोळ्यांची सोय म्हणून पोह्यांच्या डब्याला टेकवून मी मोबाइल उभा केला होता. एक क्लिप संपून दुसरी आपोआप लागली आणि पडद्यावर 'हॅव आय गॉट न्यूज फॉर यू' या बातम्यांवरच्या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमाचे ओळखीचे मेज उमटले. दोन बाजूंना इयान हिसलॉप आणि पॉल मर्टन, दोघेही आता साठी ओलांडलेले. मधल्या खुर्चीतल्या बाई मात्र मला काही केल्या ओळखता येईनात.

आईने शेंग मोडता मोडता मान वर केली. "कडेचे दोघं तेच ना गं? मधला पुन्हा बदलला वाटतं."

आईला इंग्रजी बेताचेच कळते; पण या कार्यक्रमाची गेल्या वीसहून अधिक वर्षांची कहाणी तिने एका वाक्यात सांगून टाकली होती.

माझी या कार्यक्रमाशी ओळख २००१ सालची. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इंग्लंडमधल्या रेडिंगला राहायला गेलो होतो आणि शुक्रवारी रात्री हीटर काटकसरीने लावून, सोलापुरी चादर पायांवर घेऊन बीबीसी वन बघणे ही आमची आठवड्याची चैन होती. सुरुवातीला निम्मे विनोद डोक्यावरून जात, कारण कुठल्या मंत्र्याने कोणता गोंधळ घातला आहे हेच ठाऊक नसे. रचना मात्र पहिल्याच दिवशी समजली. दोन कर्णधार, प्रत्येकाच्या शेजारी एक पाहुणा, आठवड्याच्या बातम्यांवर प्रश्न, मथळ्यांतले गाळलेले शब्द, चौघांतला वेगळा कोण ते ओळखणे, आणि ज्यांच्याकडे कोणीही गांभीर्याने बघत नाही असे गुण. या सगळ्याच्या मधोमध अँगस डीटन बसत. १९९० मध्ये बीबीसी टूवर कार्यक्रम सुरू झाला तेव्हापासून तेच बसत होते. नीट शिवलेला सूट, बातम्या सांगणाऱ्याचा शांत चेहरा, आणि त्या चेहऱ्याने ते जे सांगत ते ऐकून समोरचे लोक हसून बेजार होत. कार्यक्रम गुरुवारी चित्रित व्हायचा, वकिलांच्या नजरेखालून जायचा आणि शुक्रवारी दिसायचा. म्हणूनच की काय, कोणावर काही आरोप करून झाला की शेवटी 'अलेजेडली' हा शब्द चिकटवण्याची तिथे रीतच पडली होती. त्या लांबलचक शब्दाचे मला मोठे नवल वाटे, कारण आपल्याकडे तेच काम 'म्हणे' ही दोन अक्षरे कितीतरी अधिक खोचकपणे करतात, आणि त्यांना वकील लागत नाही.

२००२ मध्ये एका वृत्तपत्राने डीटन यांच्या खासगी आयुष्याची लक्तरे वेशीवर टांगली. इतरांच्या भानगडींवर बारा वर्षे प्रश्न विचारणारा माणूस स्वतःच प्रश्नाचा विषय झाला, आणि दोन्ही कर्णधारांनी भर कार्यक्रमात त्यांची जी सालटी काढली ती बघताना हसू येत होते आणि पाय चादरीत आणखी आत ओढून घ्यावेसेही वाटत होते. ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांना जावे लागले. पुढच्या शुक्रवारी मधल्या खुर्चीत स्वतः मर्टन येऊन बसले, आणि त्यानंतर दर आठवड्याला नवा माणूस. कायमचा कोणी सापडेपर्यंतची ही तात्पुरती सोय होती. तात्पुरत्या सोयींचे काय होते हे घर चालवणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. स्वयंपाकघरात तात्पुरता ठोकलेला खिळा नातवंडांच्या काळातही पिशव्या सांभाळत असतो. प्रेक्षकांना दर आठवड्याची ही उत्सुकता आवडते आहे असे दिसल्यावर कायमच्या माणसाचा शोधच थांबला. अलेक्झांडर आर्मस्ट्राँग किंवा जॅक डी यांच्यासारखे काही जण पुन्हापुन्हा आले, इतके की पाहुणेपण संपून शेजारपण सुरू व्हावे. पण खुर्ची कोणाच्या नावावर झाली नाही.

इंग्रजीत याला 'गेस्ट होस्ट' म्हणतात आणि कोणाला त्यात काही खटकत नाही. मला मात्र ते शब्द प्रथम ऐकल्यापासून खटकतात, कारण मराठीत म्हणून पाहिले तर 'पाहुणा यजमान' असे काहीतरी अशक्य तयार होते. ज्याने पाटावर बसायचे त्यानेच पाट मांडायचा, आणि वर आग्रहही करायचा. आई अजूनही माझ्या नवऱ्याचा उल्लेख 'तुझे यजमान' असा करते. तेव्हा दर शुक्रवारी नवा पाहुणा यजमान ही कल्पना मी तिला कधी नीट समजावून सांगितली नाही.

ती २००३ मध्ये तीन महिने आमच्याकडे राहून गेली. शुक्रवारी रात्री तीही चादरीत शिरे आणि "आज कोण आलंय?" असे विचारे, जणू आमच्याच दिवाणखान्यात कोणी येणार होते. त्या वर्षी एकदा ब्रूस फोर्सिथ मधल्या खुर्चीत बसले होते. पंचाहत्तर वर्षांचे, टीव्हीवरच्या करमणुकीच्या खेळांत हयात घालवलेले गृहस्थ. त्यांनी बातम्यांचा कार्यक्रम बघता बघता स्वतःच्या जुन्या पत्त्यांच्या खेळासारखा करून टाकला आणि अमेरिकी सैन्याने छापलेल्या फरारी इराकी नेत्यांची चित्रे असलेल्या खेळायच्या पत्त्यांवरून खेळ मांडला. मर्टन खुशीत होते, हिसलॉप यांचा चेहरा मात्र कडू औषध घेतल्यासारखा झाला होता. हिसलॉप हे 'प्रायव्हेट आय' या उपहासाच्या पाक्षिकाचे १९८६ पासूनचे संपादक. युद्ध चालू असताना हा पोरखेळ त्यांना रुचला नसावा. आईला यातले काही कळत नव्हते. ती एवढेच म्हणाली, "हा बुवा कीर्तन करणारा आहे. ह्याला माणसं धरून ठेवता येतात." त्यानंतर तिला प्रत्येक नवा पाहुणा फोर्सिथ यांच्यापेक्षा कमी वाटत गेला, आणि माझाही न्याय थोडासा तसाच झाला.

त्या खुर्चीत बोरिस जॉन्सनही बसून गेले. खासदार होते, संपादक होते, केस विस्कटलेले, समोरच्या पाटीवरचे वाक्य चुकवत चुकवत वाचत होते, आणि त्या चुकण्याचेच लोकांना इतके कौतुक वाटले की या कामासाठी त्यांना बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट-टीव्ही पुरस्काराचे नामांकन मिळाले. २०१९ मध्ये ते पंतप्रधान झाले तेव्हा अनेकांनी या कार्यक्रमाकडे बोट दाखवले. मला तो आरोप पूर्ण पटत नाही आणि पूर्ण झटकताही येत नाही. मीही हसले होते. हसलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी पावती दाखवून हसू परत करता येत नाही.

या मेजाला रिकामी जागा मुळीच सोसत नाही. १९९३ मध्ये मजूर पक्षाचे रॉय हॅटर्सली यांनी तिसऱ्यांदा ऐनवेळी येणे रद्द केले, तेव्हा मर्टन यांच्या शेजारी डुकराच्या चरबीचा डबा ठेवून कार्यक्रम पार पाडला गेला होता. मी तो भाग पुष्कळ नंतर पाहिला. डबा आपल्या जागी शोभत होता. पण तो कडेच्या खुर्चीत होता. मधल्या खुर्चीत डबा चालला असता का, हा प्रश्न काही पाहुण्यांच्या आठवड्यात माझ्या मनात येऊन गेलेला आहे.

दुसऱ्या एका कार्यक्रमाने यजमानाचा बदल अगदी वेगळ्या तऱ्हेने केला. 'क्यूआय' हा प्रश्नोत्तरांचा विनोदी कार्यक्रम २००३ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या हंगामांना इंग्रजी मुळाक्षरांची नावे मिळाली. स्टीफन फ्राय यांनी 'ए'पासून 'एम'पर्यंत तेरा अक्षरे सांभाळली आणि २०१६ मध्ये 'एन'पासून सँडी टॉक्सविग बसल्या. जणू भावंडांमध्ये मुळाक्षरांची वाटणी झाली. शेजारी ॲलन डेव्हिस पहिल्यापासून आजपर्यंत तेच, चुकीची उत्तरे देऊन भोंगा वाजवून घेणारे. तिथे गादी चालवली गेली, इथे पंगत उठते आणि बसते. मला गादीच बरी वाटते, हे कबूल करते. पण बघते मात्र पंगतच.

बघताना माझे लक्ष विनोदाकडे असतेच असे नाही. ते पाहुण्याच्या डोळ्यांकडे असते. विनोद लेखकांनी आधीच लिहिलेले असतात, पाहुण्याने ते समोरून वाचायचे असतात, आणि नवख्या माणसाची बुबुळे डावीकडून उजवीकडे सरकताना स्पष्ट दिसतात. कर्णधारांनाही ती दिसतात, आणि मग ते दोघे वाचणाऱ्याला असे काही मध्येच अडवतात की तो पुन्हा त्या ओळीवर पोचेपर्यंत माझ्या पोटात गोळा येतो. याचे कारण रेडिंगमध्ये नाही, डोंबिवलीत आहे.

आमच्या कॉलनीच्या गणेशोत्सवात निवेदन करणारे काका ठरलेले होते. रेल्वेत नोकरी, धोतर फक्त त्या दहा दिवसांत, आणि विनोद तीनच. नाचाच्या मध्येच कॅसेट अडकली की ते माइक हातात घेत आणि पेन्सिलीने फीत गुंडाळली जाईपर्यंत त्या तीन विनोदांवर मांडव तोलून धरत. एका वर्षी त्यांची बदली भुसावळला झाली. मंडळाच्या बैठकीत पुष्कळ वाद होऊन असे ठरले की दहा रात्री दहा निवेदक. एकाने स्वतःच गाणी म्हटली, दुसऱ्याने वर्गणीचा हिशेब वाचून दाखवला. सातव्या रात्री पाळी बाबांची होती. मी फुलपाखराचे पंख लावून पडद्यामागे उभी होते. कॅसेट अडकली, बाबा माइकपाशी गेले, हातातला फुलस्केप कागद थरथरू लागला आणि मांडव गप्प झाला. मग त्यांनी पुढच्या कार्यक्रमाचे नाव वाचले. मग त्याच्या पुढच्या. असे करत करत आभारप्रदर्शनापर्यंत सगळा कार्यक्रम दोन मिनिटांत वाचून संपवला आणि ते खाली येऊन बसले. मांडव हसून फुटला. माझे पंख गळून पडावेत असे मला झाले होते.

हे सगळे मी त्या दुपारी आईला सांगितले, बहुधा प्रथमच. पाहुण्यांचे डोळे आणि बाबांचे हात, असे जोडून.

"हात कुठे कापत होते?" आई म्हणाली. "चष्मा घरी राहिला होता ह्यांचा. कागद लांब धर, जवळ धर, चाललं होतं."

"आणि सगळा कार्यक्रम वाचून टाकला तो?"

"ते मुद्दाम. घरी ठरवूनच गेले होते, कॅसेट अडकली तर हे करायचं म्हणून. लोक किती हसले! पुढच्या वर्षीही तुम्हीच करा, म्हणत होते."

"मग केलं का?"

"नाही. काकांची बदली रद्द झाली ना."

क्लिप तोवर संपली होती आणि तिसरेच काहीतरी सुरू झाले होते, त्यामुळे त्या बाई कोण हे कळायचे राहूनच गेले. दोन किलोंचे वाटाणे जेमतेम किलोभर निघाले.