जुन्या दाराला नवं कुलूप

आमचं कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतलं पुढचं दार आजोबांच्या वेळचं, सागवानी, पावणेदोन इंच जाडीचं. त्याच्या पोटातल्या कुलपाची स्प्रिंग गेली. चावी फिरायची, पण जीभ जागची हलायची नाही. बघायला आलेल्या सुताराचं म्हणणं एकच, "काढा की हे, फ्लश डोअर मारू." असलं सागवान आज घ्यायला गेलं तर काय पडेल, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. मी पटाशी स्वतःच हातात घ्यायचं ठरवलं.

जुनं कुलूप बाहेर काढणं हेच निम्मं काम. स्क्रूंच्या खाचा ऑइलपेंटनं बुजल्या होत्या. करवतीच्या पात्याच्या तुकड्यानं त्या कोरल्या, पेचकस ठेवून वर हातोडीचे हलके ठोके दिले, तेव्हा कुठं स्क्रू सुटले.

मग मापं. लक्ष्मीपुरीतल्या हार्डवेअरवाल्यानं पहिलाच प्रश्न टाकला, "दार डावं का उजवं?" त्यानं दाखवलेल्या कुलपाची तिरकी जीभ उलटी करून बसवता येत होती, त्यामुळं तो प्रश्न मिटला. खरी अडचण हँडल आणि चावी यांच्यातल्या अंतराची. जुन्यात ते अडीच इंच, म्हणजे साधारण 64 मिलिमीटर, आणि हल्ली सिलिंडरचं (चावी ज्यात फिरते तो सुटा निघणारा भाग) जे कुलूप सर्रास मिळतं त्यात 85 मिलिमीटर. म्हणजे चावीचं भोक खाली सरकणार आणि जुनं उघडं पडणार. म्हणून हँडलची पट्टी लांब घेतली, दोन्ही भोकं झाकणारी. सिलिंडर 70 मिलिमीटरचा लागला. दोन्हीकडच्या पट्ट्या धरून तो जेमतेम बाहेर डोकावतो, आणि तेवढाच डोकवावा. जास्त बाहेर आला तर पकडीनं धरून मोडायला सोपा.

नवं भोक जुन्याला खेटून येत होतं. तसंच ड्रिल लावलं असतं तर ते घसरून जुन्यात गेलं असतं. जुन्यात सागवानाची खुंटी फेविकॉल लावून ठोकली, रात्रभर वाळू दिली, मग ड्रिल मारलं. पितळी स्क्रू सागवानात थेट पिळले तर डोकं तुटतं. आधी बारीक भोक पाडायचं, स्क्रूला साबण लावायचा.

जीभ जिच्या भोकात शिरते ती चौकटीतली पट्टी मात्र मी शिवाजी उद्यमनगरात पितळी पत्र्यातून कापून घेतली, भोक उभं थोडं लांबट ठेवून. कोल्हापूरच्या पावसात दार फुगतं आणि थंडीत आकसतं. तंतोतंत मापाचं भोक एका ऋतूत बसतं, दुसऱ्यात अडतं. जीभ नेमकी कुठं टेकते ते कळायला वहिनीकडून काजळ मागितलं. जिभेला काजळ लावून दार लोटलं, चौकटीवर ठिपका उमटला. "काजळाची डबी परत द्या हं भावजी," हे तेवढ्यात ऐकून झालं.

सिलिंडर घालता-काढताना किल्ली थोडी तिरकी फिरवावी लागते, नाहीतर आतला दात अडकतो. आणि सगळं जुळलं असं वाटलं तरी पहिली चाचणी दार उघडं ठेवूनच घ्यायची.

आषाढात जीभ पट्टीतल्या भोकाच्या खालच्या कडेला घासायला लागली. कानशीचे चार हात मारल्यावर गप्प बसली. सिलिंडरात तेल घालत नाही, त्यावर धूळ चिकटते. ग्रॅफाइटची पूड सोडतो.