खाटकाची फळी

इंग्लंडमधली कसोटी आपल्याकडे दुपारी साडेतीनला सुरू होते. जेवणानंतरची झोप नुकतीच मोडलेली असते आणि समालोचकाच्या तोंडून एक शब्द कानावर येतो : ‘शॅम्बल्स’. तो नेमका कधी येतो हे बघण्यासारखं असतं. नुसता झेल सुटला तर येत नाही. झेल कुणाच्याही हातून सुटतो. पण चेंडू उंच उडावा, दोघांनी धावत यावं, ‘तू घे, तू घे’ करत दोघांनीही थांबावं, चेंडू मधोमध पडावा, मग कुणीतरी तो घाईने उचलून भलत्याच टोकाला फेकावा, तिथे मागे कुणीच नसावं आणि ओव्हरथ्रोचे चार जावेत. एवढं सगळं साग्रसंगीत पार पडलं की समालोचक क्षणभर थांबतो आणि तो शब्द सावकाश उच्चारतो.

एकट्या माणसाच्या गबाळेपणासाठी इंग्रजीत ‘इनेप्ट’ आहे, ‘क्लम्झी’ आहे. शॅम्बल्स लागतो तो कारभाराला. त्यासाठी चार माणसं हवीत, एखादा प्रमुख हवा, आधी ठरलेला बेत हवा, आणि तो बेत प्रत्येक सांध्याशी उसवायला हवा. आपला सावळागोंधळ याच घराण्यातला. शब्दाच्या शेवटी ‘स’ असला तरी तो एकवचनी चालतो. ब्रिटिश माणूस ‘अ शॅम्बल्स’ म्हणतो, अमेरिकन माणसाला ‘इन शॅम्बल्स’ सोयीचं वाटतं. ‘शॅम्बोलिक’ हे विशेषण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळलं. मला ते जरा नटवं वाटतं.

मुळात हा शब्द बसायच्या बाकाचा. लॅटिन ‘स्कॅम्नुम’ म्हणजे बाक, त्याचं छोटं रूप ‘स्कॅमेल्लुम’. भाषाशास्त्रज्ञ या घराण्याचा संबंध संस्कृत ‘स्कम्भ’शी जोडतात, म्हणजे आपला खांब त्याचा लांबचा भाऊबंद. जर्मनमध्ये ‘शेमेल’ अजूनही साधं स्टूलच आहे. इंग्रजीत मात्र स्टुलाचं विक्रीचं मेज झालं, चौदाव्या शतकात मेजाची मांस विकायची फळी झाली, फळ्यांचा मिळून मांसबाजार झाला, सोळाव्या शतकात कत्तलखाना झाला आणि मग जिथे माणसं कापली जातात ती जागा. शेक्सपिअरच्या सहाव्या हेन्रीवरच्या नाटकाच्या तिसऱ्या भागात राजा म्हणतो की संसदगृहाचं शॅम्बल्स करण्याचा विचारही माझ्या मनात न येवो. त्याला रक्तपात म्हणायचा आहे. साधा पसारा, गोंधळ हा अर्थ विसाव्या शतकातला.

पुढे त्याच संसदेत हा शब्द पुन्हा गाजला. २००९ साली ‘द थिक ऑफ इट’ या राजकीय विनोदी मालिकेने त्याला ‘ऑम्नी’ जोडून ‘ऑम्नीशॅम्बल्स’ केलं होतं : चहूबाजूंनी बट्ट्याबोळ. मार्च २०१२मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑसबोर्न यांनी अर्थसंकल्प मांडला आणि त्यातली कलमं एकेक करून अंगाशी येऊ लागली. सगळ्यात गाजलं ते पेस्टीचं. पेस्टी म्हणजे मांस-बटाटा भरलेली भाजकी करंजी. गरम विकलेल्या खाण्यावर २० टक्के व्हॅट लावायचा, आणि गरम म्हणजे भोवतालच्या हवेपेक्षा गरम, असा तो प्रस्ताव होता. आता भट्टीतून काढून फळीवर निवत ठेवलेली पेस्टी किती वाजेपर्यंत गरम? उन्हाळ्यात कोमट पेस्टी बिनकराची आणि थंडीत तेवढीच कोमट पेस्टी कराची? बेकरीवाल्याने एका हातात पेस्टी आणि दुसऱ्या हातात थर्मामीटर घेऊन उभं राहायचं की काय? एप्रिलमध्ये विरोधी पक्षनेते एड मिलिबँड यांनी भर सभागृहात या सगळ्याला ऑम्नीशॅम्बल्स म्हटलं, मेअखेर सरकारने निवत ठेवलेली पेस्टी करातून सोडली आणि वर्षअखेरीला ऑक्सफर्डच्या कोशकारांनी तोच ब्रिटनचा त्या वर्षाचा शब्द ठरवला.

यातली गंमत अशी की ज्या फळीवरून हा शब्द निघाला, तिथला कारभार अजिबात गचाळ नव्हता. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात ‘द शॅम्बल्स’ नावाची खाटकांची जुनी गल्ली आहे. लाकडी चौकटीच्या घरांचे वरचे मजले रस्त्यावर इतके पुढे आलेले की वर आभाळाची चिंचोळी पट्टीच उरते. ही अडचण नव्हे, सोय. बर्फाची पेटी नसताना मांस टिकवायचं तर ऊन चुकवायला हवं, आणि इतक्या अरुंद, झाकल्या गल्लीत ऊन टिकत नाही. खिडकीखाली रुंद फळी, तिच्यावर मांस मांडलेलं. वर लोखंडी आकडे, त्यांना मोठे तुकडे टांगलेले. काही दुकानांवर फळ्या आणि आकडे अजून दिसतात. दोन्ही बाजूंचे पदपथ उंच ठेवलेले, म्हणजे मधला रस्ता आपोआप गटाराचं काम करतो. मागच्या अंगणात जनावर कापायचं, रक्त आणि आतडी त्या उतारावरून धुऊन काढायची. घाण भरपूर होती, वासही असेल, पण कुठली वस्तू कुठे आणि कशासाठी हे पक्कं ठरलेलं. गोंधळ दिसतो तो बघणाऱ्याला. खाटकाला सुरी कुठे आहे ते न बघता कळतं.

आता त्या गल्लीत खाटीक उरले नाहीत. मिठाईची, भेटवस्तूंची, जादूगारांच्या कांड्यांची दुकानं आहेत आणि फोटो काढणाऱ्यांची रेटारेटी. एका घरात मार्गारेट क्लिथरोचं स्मारक आहे. ही खाटकाची बायको. कॅथलिक धर्मगुरूंना घरात आसरा दिल्याचा आरोप तिच्यावर आला; गुन्हा कबूल की नाकबूल हे सांगायलाच तिने नकार दिला, म्हणून २५ मार्च १५८६ रोजी तिला अंगावर दार टाकून, त्यावर दगडांचं ओझं रचून मारण्यात आलं. १९७०मध्ये तिला संतपद मिळालं. स्मारक आहे ३५ नंबरच्या घरात. मधल्या काळात गल्लीतल्या घरांचे नंबर बदलले होते, आणि अभ्यासकांच्या मते ती राहत होती ते घर समोरच्या ओळीतलं, १० किंवा ११ नंबरचं.