शटर वर गेलं की चर्च

साओ पावलोला आलो तेव्हा ब्राझील म्हणजे कॅथलिक देश एवढंच डोक्यात होतं. रिओच्या डोंगरावरचा हात पसरलेला येशू कॅलेंडरवर पाहिलेला. इथे आमच्या गल्लीत पाच चर्च निघाली आणि त्यातलं कॅथलिक एकच. बाकीची कुठे जुन्या गॅरेजात, कुठे बंद पडलेल्या दुकानात. दिवसभर शटर खाली असतं. संध्याकाळी ते वर जातं, प्लास्टिकच्या खुर्च्या लागतात, ड्रम सुरू होतो आणि माझ्या ऑनलाइन मीटिंगची वाट लागते.

१९७० साली इथले नव्वद टक्क्यांहून जास्त लोक स्वतःला कॅथलिक म्हणवत. २०२२ च्या जनगणनेत ते ५६.७ टक्क्यांवर आले आणि इव्हँजेलिकल, म्हणजे या शटरवाल्या चर्चांचे प्रोटेस्टंट पंथीय, २६.९ वर गेले.

आमच्याकडे साफसफाईला येणाऱ्या बाई त्यातल्याच. इथे अशांना 'क्रेंची' म्हणतात, म्हणजे श्रद्धावान. पण म्हणणाऱ्याच्या सुरात कधीकधी टोमणाही असतो. बाई मूळच्या पेर्नांबुकोच्या. ईशान्येकडून लाखो माणसं पोटासाठी या शहराच्या कडेला येऊन वसली, तशाच त्याही. "कॅथलिक पाद्रीला माझं नावसुद्धा माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा या चर्चचे पास्तर (धर्मगुरू) तांदळाची पिशवी घेऊन दारात उभे." नवऱ्याची दारूही तिथेच सुटली. मला वाटतं, धर्मशास्त्राच्या वादापेक्षा त्या पिशवीत जास्त उत्तर आहे. पाद्री व्हायला वर्षानुवर्षं शिकावं लागतं, लग्नही करता येत नाही. पास्तर मात्र त्याच वस्तीतला, बायकामुलांचा माणूस.

एकदा त्यांच्यासोबत गेलो. गाणी, रडणं, मध्येच कुणीतरी उठून स्वतःची कहाणी सांगणं. मग दशांश. थाळी नाही, कार्डाचं मशीन फिरतं, आणि भिंतीवर पिक्सचा क्यूआर (पिक्स म्हणजे इथलं यूपीआय). उत्पन्नाचा दहावा हिस्सा! मला ते खटकलं, बाईंना नाही.

सगळंच काही गॅरेजात नाही. १९७७ ला सुरू झालेल्या युनिव्हर्सल चर्चने २०१४ मध्ये ब्रास भागात दहा हजार माणसं बसतील असं 'सॉलोमनचं मंदिर' उभारलं. आतून बघण्यासारखं आहे. मूर्तिपूजा न मानणाऱ्या याच चर्चच्या एका बिशपने १२ ऑक्टोबर १९९५ ला, म्हणजे देशाची रक्षणकर्ती अपारेसिदा माता (येशूची आई मेरीचं इथलं रूप) हिच्या सणादिवशी, टीव्हीवर तिच्या मूर्तीला लाथा मारल्या होत्या. देशभर गदारोळ झाला. लोक अजून तो विषय काढतात.

गंमत म्हणजे आमच्या बाईंचं मधलं नाव अपारेसिदाच आहे. आईने नवस बोलून ठेवलेलं. आई आता त्यांच्याकडेच राहते, अजून पक्की कॅथलिक. अपारेसिदा मातेची वीतभर काळीसावळी मूर्ती स्वयंपाकघरात फ्रिजवर असते. पास्तर घरी येणार असले की म्हातारी कुणी काही म्हणायच्या आत मूर्ती उचलून आपल्या खोलीत नेते, आणि ते गेले की परत फ्रिजवर.