सरसाचा सांधा

बाई धारवाडहून सकाळच्या गाडीनं मिरजेला आल्या. बरोबर एक शिष्या, तिच्या खांद्याला गवसणीतला तानपुरा. मी एका नव्या वाद्याच्या घोडीवर, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्यावर, कानस चालवत होतो. जवारीचं काम मधेच सोडलं की कान पुन्हा जुळायला वेळ लागतो, पण बाईंचा चेहरा बघून कानस खाली ठेवली.

"खर्ज ऐका," त्या म्हणाल्या.

ऐकला. तार घोडीच्या रुंद पाठीला निसटती घासत राहते, म्हणून जवारीची गुंज येते आणि स्वर एकातून एक उलगडत जातो. ती गुंज होतीच, पण तिच्याखाली कोरडी खरखर होती. भोपळ्याला तळाशी वीतभर भेग. रेल्वेत कुणाची तरी पेटी आदळली होती.

अशी भेग बाहेरून बुजवून वर पॉलिश मारलं तर तासाभरात वाद्य परत देता येतं. दिसतंही छान. पण तारांचा ताण आणि हवेतला दमटपणा यांनी ती वर्षभरात पुन्हा तोंड उघडते. आतून सरसात, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या डिंकात, भिजवलेली कापडाची पट्टी बसवावी लागते, आणि त्यासाठी तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी फळी, उतरवावी लागते.

तारा काढल्या, घोडी उतरवली. ओल्या फडक्याची ऊब देत, गरम सुरी उजव्या कडेनं सरकवत गेलो. जुना सरस मऊ पडत गेला, तबली हळूहळू सुटली. डाव्या कडेला गळ्यापासून पुढे मात्र सुरी जागची हलेना. कड थोडी खरवडली, तर पिवळट, काचेसारखा कडक थर. दोन नळ्यांतलं मिसळून लावतात तो चिकटा. त्याच्यापुढे माझ्या सुरीच्या उबेचं काही चालेना.

"हे कुणी केलं?" मी जरा तावातच विचारलं.

बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्हीच. 2008 च्या पावसाळ्यात. त्या बाजूनं तबली उचलली होती."

मग आठवलं. त्या पावसाळ्यात सरस वाळत नव्हता, भांड्यातला नासून वास मारत होता, आणि बाईंची मैफल चार दिवसांवर आली होती. चिकटा एका रात्रीत धरतो. सांधा इतका पक्का बसला होता की मला त्याचा अभिमान वाटला होता.

सरस कटकटीचा असतो, हे खरं. रात्री भिजत घालायचा, पाण्याच्या भांड्यात ठेवून मंद तापवायचा, उकळू द्यायचा नाही, आणि गार व्हायच्या आत सांधा दाबून धरायचा. माझे उस्ताद तरीही दुसरं काही हातात धरू देत नसत. मिरजेत सतारी-तानपुरे पहिल्यांदा बनवले ते शिकलगारांनी, हत्यारांना धार लावणाऱ्यांनी. फरीदसाहेबांचं नाव त्यात पहिलं घेतात. 2024 मध्ये इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद आहेच. पण त्या कागदात मावत नाही अशी एक गोष्ट उस्तादांनी शिकवली होती: वाद्य उघडता आलं पाहिजे. भोपळा तडकणार, तबली बसणार, खुंटी झिजणार. पुढचा कारागीर आत हात घालणारच आहे. त्याची वाट मी बंद करून ठेवली होती, आणि तो पुढचा कारागीर मीच निघालो.

बाईंना सगळं सरळ सांगितलं.

"नवी तबली घालू नका," त्या लगेच म्हणाल्या. "चाळीस वर्षं हिच्यावर सूर लावतेय मी."

मलाही ती घालायची नव्हती. नवं लाकूड असं बोलायला वर्षं लागतात. जेवण राहिलंच. पातळ पात्याची करवत घेतली आणि चिकट्याच्या रेषेच्या खालून, भोपळ्याच्या अंगानं कापत गेलो. भोपळ्याची दोन सुतं, म्हणजे पाव इंच, गेली तर तिथं नवी पट्टी जोडता येते. तबलीचं अर्धं सूतही गेलं तर आवाज गेला. तशीही आमच्याकडे भोपळ्यावरूनच सगळं ठरतं. पंढरपूरकडून कडू भोपळे येतात, एकासारखा दुसरा नसतो. त्याचा घेर बघून गळा, गळा बघून दांडी. नकाशा काढून त्यात भोपळा कोंबता येत नाही.

पाच वाजता तबली अख्खी सुटली. राहिलेला चिकटा तिच्या कडेवरून कानशीनं, मग काचेच्या तुकड्यानं खरवडला. शिष्या इतका वेळ बत्ती धरून उभी होती. तिला तबली उन्हाकडे धरून दाखवली, घोडीखालची जाडी आणि कडेची जाडी यांतला फरक बोटानं चाचपायला लावला.

भेगेवर आतून पट्टी बसवली. बाईंना आठ दिवसांनी यायला सांगितलं.

"पुढच्या शनिवारी कार्यक्रम आहे," त्या म्हणाल्या.

"माझा तानपुरा घेऊन जा. हा मात्र त्याच्या वेळेनंच होईल."

भेगेचे तेवढे पैसे सांगितले, डाव्या कडेचे घेतले नाहीत. त्या गेल्यावर तबलीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं तारीख घातली. खाली लिहिलं, "सगळे सांधे सरसाचे. डावीकडे भोपळ्याची दोन सुतं नवी. उजवीकडून उघडायला घ्यावं."