लेथ आधीही होतंच, मग मॉड्सलीनं नवीन काय केलं?

टर्नर-फिटरचा ट्रेड शिकणारी मुलं हे हमखास विचारतात. लेथ, म्हणजे तुकडा फिरवत कापायचं यंत्र, जुनं. हत्यार घट्ट धरून सरकवणारी स्लाइड रेस्टही मॉड्सलीच्या आधीची. मग हेन्री मॉड्सली या इंग्रज यंत्रकाराचं एवढं नाव का? आणि वूलिचच्या शस्त्रागारात बाराव्या वर्षी काडतुसं भरणारा पोरगा लंडनमधला मोठा कारखानदार कसा झाला? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे.

त्या काळी टर्नर हत्यार हातात धरून टेकूवर दाबायचा. लाकडाला ते चालतं. लोखंडावर हत्यार मध्येच रुततं, थरथरतं, हात थकला की व्यास बदलतो. आटे पाडणं तर त्याहून अवघड. त्यामुळे प्रत्येक बोल्टचा नट वेगळा असायचा. मशीन खोलताना जोड्यांवर खुणा केल्या नाहीत, तर परत जोडताना फजिती ठरलेली.

1800च्या सुमारास मॉड्सलीनं तीन गोष्टी एकाच भक्कम धातूच्या सांगाड्यावर आणल्या: स्लाइड रेस्ट, तिला पुढे सरकवणारा लांब लीडस्क्रू आणि बदलता येणारे गिअर. हिशेब आजही तोच आहे. लीडस्क्रूचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, 6 मिमी आणि जॉबवर (घडवायच्या तुकड्यावर) 1.5 मिमीचे आटे हवेत, तर प्रमाण 1:4. जॉब फिरवणाऱ्या स्पिंडलकडे 20 दाती गिअर, लीडस्क्रूवर 80 दाती. उलटे बसवले तर पिच 24 मिमी होईल, म्हणजे जॉब भंगारात. दोघांमधला जोडगिअर, म्हणजे आयडलर, फक्त दिशा बदलतो, प्रमाण नाही.

खरी अडचण पुढे आहे. लीडस्क्रूतली चूक जशीच्या तशी जॉबवर उतरते. मग पहिला अचूक स्क्रू आणायचा कुठून? मॉड्सलीनं फिरत्या मऊ दंडगोलावर धारदार सुरी ठरावीक कोनात तिरकी टेकवली. सुरी रुतत आपोआप पुढे सरकते आणि मळसूत्र उमटतं. त्यावरून पुढचे स्क्रू, आणि दरवेळी चूक शोधून दुरुस्ती. माझ्या मते त्याची सगळ्यात मोठी कामगिरी ही चिकाटी.

सपाट पृष्ठभागाचंही तसंच. दोनच प्लेटा एकमेकींवर घासल्या तर एक फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट होऊनही त्या तंतोतंत जुळतात. म्हणून तीन लागतात. पहिली दुसरीशी, पहिली तिसरीशी, मग दुसरी तिसरीशी. रंग लावून टेकवायचं, रंग लागलेले उंचवटे खरवडायचे. तिन्ही आपसांत जुळल्या तरच सपाट. अशा प्लेटा मॉड्सली कामगारांच्या हाताशी ठेवायचा. वाद झालाच तर निकालाला त्याचा स्वतःचा मायक्रोमीटर होता, इंचाच्या दहा हजाराव्या भागापर्यंत मोजणारा. त्याला तो ‘लॉर्ड चॅन्सेलर’, म्हणजे इंग्लंडचा वरिष्ठ न्यायाधीश, म्हणायचा, कारण त्याच्यापुढे अपील नाही.

आधी तो कुलपं बनवणाऱ्या ब्रामाकडे होता. आठवड्याला तीस शिलिंग पगारात भागेना, वाढ मिळेना, म्हणून 1797 साली त्यानं ऑक्सफर्ड स्ट्रीटजवळ छोटं दुकान टाकलं. मोठं काम मिळालं ते मार्क ब्रुनेल या इंजिनिअरकडून. इंग्रजी आरमाराला दरवर्षी सुमारे एक लाख कप्प्या लागत. कवच एल्म लाकडाचं, आतली चाकी लिग्नम व्हिटे या अतिकठीण लाकडाची. ब्रुनेलच्या आराखड्यावरून मॉड्सलीनं पोर्ट्समथच्या आरमारी गोदीसाठी चाळीसहून अधिक मशीनं घडवली. भोक पाडणं, खाच घेणं, बाहेरचा आकार देणं, प्रत्येकाला वेगळं मशीन. 1808पर्यंत ती व्यवस्था पूर्ण चालू झाली. 110 कसबी कारागिरांचं काम 10 साधी माणसं करू लागली. त्या कारागिरांच्या पोटावर पाय आला, हे मात्र कुणी विसरू नये.

1810 साली कारखाना लंडनमधल्या लॅम्बेथला गेला. तिथं जहाजांची वाफेची इंजिनं बनू लागली, तरी मालक स्वतः कानस हातात घेऊन शिकवायचा. पुढे नावाजलेले यंत्रकार रिचर्ड रॉबर्ट्स, जेम्स नॅस्मिथ, जोसेफ व्हिटवर्थ त्याच्याच हाताखालचे. भांडवल तर अनेकांकडे होतं. मॉड्सलीनं हातातली अचूकता हत्यारात, मशीनमध्ये आणि माणसांत उतरवली, म्हणून एकट्याचं दुकान कारखाना होऊ शकलं.

त्यातल्या व्हिटवर्थनं 1841 साली 55 अंशाच्या आट्यांचं प्रमाण मांडलं. आपल्याकडच्या हार्डवेअर दुकानात ‘चार सूत’ म्हणून जो अर्ध्या इंचाचा बीएसडब्ल्यू (ब्रिटिश स्टँडर्ड व्हिटवर्थ) बोल्ट मागतात, त्याचे आटे त्याच प्रमाणाचे. त्यावर बारा आटे प्रति इंच असतात. थ्रेड गेज, म्हणजे आटे मोजायची पट्टी, लावून पाहा.