टाळू आणि कपाळ

शनिवार, रात्रीचे साडेदहा. सातारा.

पाऊस अजून थांबलेला नाही. दुपारी खंबाटकी घाटात ट्रक बंद पडला, आमच्या धर्मप्रांताचे प्रमुख असलेल्या बिशपांची गाडी अडकली आणि साडेचारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, साडेपाचला सुरू झाली. नऊ मुलं तासभर पहिल्या दोन बाकांवर बसून होती. भाची सारखी मागे वळून बघत होती, मी आहे ना याची खात्री करायला.

आज तिचं दृढीकरण झालं, पवित्र आत्म्याचं दान देणारा आमचा कॅथलिक संस्कार. मी तिची धर्ममाता, संस्कारात तिच्यासोबत उभी राहणारी. स्नानसंस्काराच्या, म्हणजे बाप्तिस्म्याच्या, वेळीही मीच होते. शक्यतो तीच व्यक्ती दोन्ही वेळेला असावी असं चर्चचं म्हणणं आहे, आणि ते मला आज मनापासून पटलं. चौदा वर्षांपूर्वी ती माझ्या हातात दोन महिन्यांची होती. फादरांनी विचारलेल्या प्रश्नांना आम्ही मोठ्यांनी उत्तरं दिली होती. आज तेच प्रश्न बिशपांनी तिला विचारले आणि तिने स्वतः उत्तरं दिली. आवाज बारीक होता, पण माझ्यापर्यंत आला.

सकाळी शेजारच्या काकूंनी विचारलं, "मुंज आहे का गं तिची?" नवा पांढरा ड्रेस, पाहुणे, घरात गोडाचा वास, त्यांना दुसरं काय वाटणार? मी म्हटलं, "हो काकू, तसंच काहीसं." आत आल्यावर मात्र उत्तर अपुरं वाटत राहिलं. मुंजीत बटू गुरूकडे जातो, तिथून त्याचं शिकणं सुरू होतं. आमच्याकडेही संस्काराआधी दोन वर्षं दर रविवारी धर्मशिक्षण झालं. उंबरठा तोच, बालपण संपत आल्याचा. पण दृढीकरणात अंगावर घालायला काही मिळत नाही. जी खूण उमटते ती आत्म्यावर. ती पुसली जात नाही, म्हणून हा संस्कार आयुष्यात एकदाच. एखादा वीस वर्षं चर्चपासून लांब राहून परत आला, तरी त्याला पुन्हा दृढीकरण देत नाहीत. पहिलंच अजून शाबूत असतं.

गेल्या आठवड्यात भाचीने मला गच्चीवर गाठलं. समोर अजिंक्यतारा ढगात बुडालेला, ती वाळत घातलेले कपडे गोळा करत होती. म्हणाली, "मावशी, मला अजून खूप शंका आहेत. मग तिथे आमेन म्हटलं तर खोटं नाही का होणार?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. या प्रश्नाला घाईत उत्तर देणं बरं नव्हे. शिवाय तिची चूकही नव्हती. आम्हीच मुलांना सांगत आलो की दृढीकरण म्हणजे 'आता तुम्ही मोठे झालात, आता तुमची श्रद्धा तुम्ही स्वतः पक्की करायची'. मग चौदा वर्षांची प्रामाणिक पोर म्हणणारच, माझी तर पक्की नाही.

पण पक्की करणारा कोण? पौर्वात्य, म्हणजे पूर्वेकडच्या परंपरेच्या, चर्चमध्ये हा संस्कार तान्ह्या बाळाला स्नानसंस्काराबरोबरच देतात. त्या बाळाला शंका नाहीत आणि समजही नाही. आपल्याकडेही जुना क्रम स्नानसंस्कार, दृढीकरण आणि मग ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, असा होता. १९१० साली पोप दहावे पायस यांनी पहिलं ख्रिस्तशरीर सातव्या वर्षाच्या आसपास आणलं, दृढीकरण मात्र मागे राहिलं आणि बहुतेक ठिकाणी किशोरवयात जाऊन पडलं. तेव्हापासून तो मोठेपणाचा दाखला असल्यासारखं वाटू लागलं. मुळात ते दान आहे. दृढ करतो तो पवित्र आत्मा. आपण फक्त हात पुढे करायचा.

हे मी तिला गच्चीवरच सांगितलं, इतकं नीट नाही, अडखळत. मग म्हटलं, "शंका घेऊनच ये. आमेन म्हणजे मला सगळं कळलं असं नाही. तू देतोस ते मी घेते, एवढंच." ती कपड्यांची घडी घालत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "एवढं म्हणता येईल."

आजचं पहिलं वाचन बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांतलं होतं. शोमरोन प्रांतातल्या लोकांनी देवाचं वचन स्वीकारलं होतं, बाप्तिस्मा घेतला होता, तरी यरुशलेमहून येशूचे प्रेषित पेत्र आणि योहान मुद्दाम तिकडे गेले आणि त्यांनी त्यांच्यावर हात ठेवले. हा उतारा मी कितीतरी वेळा ऐकला असेल. आज घाटातून भिजत आलेली ती गाडी पाहिली होती म्हणून तो वेगळाच ऐकू आला. आमचे फादर दर रविवारी मिस्सा करतात, स्नानसंस्कार देतात, लग्नं लावतात. मग यासाठी बिशपांनीच पुण्याहून का यायचं? तर आमच्यासारख्या मूठभरांनाही कळावं की आपण साऱ्या चर्चचे आहोत, प्रेषितांपासून चालत आलेल्या हातांचे. अडचण असेल तर बिशप हा अधिकार फादरांनाही देऊ शकतात. पण तेल बिशपांनीच पवित्र केलेलं लागतं. ऑलिव्हचं तेल, त्यात सुगंधी बाल्सम. पवित्र सप्ताहात, गुड फ्रायडेच्या आधी, बिशप सगळ्या धर्मगुरूंसोबत ते पवित्र करतात आणि त्या तेलावर फुंकर घालतात. तिथून ते गावोगावच्या चर्चमध्ये जातं.

तिची पाळी आली तेव्हा मी उजवा हात तिच्या खांद्यावर ठेवला. खांदा थरथरत होता. की माझाच हात? बिशपांनी अंगठा तेलात बुडवला, तिच्या कपाळावर क्रूस काढला आणि पवित्र आत्म्याच्या दानाची मुद्रा स्वीकार, असं म्हटलं. ती म्हणाली, "आमेन."

मुद्रा हा शब्द साताऱ्याच्या पोराला समजावून सांगावा लागत नाही. शिवरायांच्या पत्रांवर वर राजमुद्रा असते आणि शेवटी 'मर्यादेयं विराजते' हे मोर्तब, म्हणजे त्याखाली कुणी आणखी काही घुसडू नये. धर्मशिक्षणाच्या वर्गात मी हाच दाखला देते: स्नानसंस्कार हा शिक्का, दृढीकरण हे मोर्तब. पण आज जाणवलं की दाखला अर्धाच लागू पडतो. मोर्तब झालं की मजकूर संपतो. आमच्या मुलांचा मजकूर तर आता सुरू व्हायचा असतो.

आणि तिथेच माझ्या जिवाला लागतं. मागच्या तुकडीतली मुलं आता रविवारी फारशी दिसत नाहीत. क्लास, क्रिकेट, झोप. परीक्षा झाली, सुटलो, असा त्यांचा चेहरा असतो. मी त्यांना दोष देत नाही. आम्ही त्यांच्याकडून सात दानं पाठ करून घेतली: सुज्ञता, समज, सुमंत्रणा, धैर्य, ज्ञान, भक्ती, देवाचं भय. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या अकराव्या अध्यायातली. घडाघडा म्हणतात. पण ती कधी लागतात हे सांगायचं आमच्याकडून राहून गेलं.

मला ती एकदा लागली. सव्वीस वर्षांची होते, नोकरी नवी. एका संध्याकाळी साहेबांनी स्टॉकचं रजिस्टर पुढे सरकवलं, न आलेल्या मालाच्या नोंदीखाली सही कर म्हणाले. सगळेच करत होते. पेन हातात घेतलं आणि कपाळावर अंगठा टेकल्यासारखं झालं, अगदी तिथेच. मी म्हटलं, "सर, मी नाही करणार." पुढचे सहा महिने त्यांनी मला फार त्रास दिला. तोवर मला वाटायचं, माझ्या दृढीकरणातलं मला काहीच आठवत नाही, फक्त नवे सँडल तेवढे आठवतात.

भाचीला हे अजून सांगितलेलं नाही. सांगेन.

घरी आल्यावर आईने नातीला केसांना तेल लावायला पुढ्यात बसवलं. ती दोन महिन्यांची असताना आईच रोज तिची टाळू भरायची, वाटीभर खोबरेल तेल जिरवायची. स्नानसंस्काराच्या दिवशी फादरांनी तिच्या टाळूवर याच पवित्र तेलाचा अभिषेक केला होता. आज ते कपाळावर आलं. चर्चमध्ये कापसाने टिपलं होतं, पण वास अजून येत होता. भाचीने घरी आल्यापासून तोंड धुतलेलं नाही.

आईची बोटं केसांतून फिरत फिरत पुढे आली आणि कपाळापाशी थांबली. तेलाचा हात तिने पदराला पुसला. म्हणाली, "इथं नको. इथं आहे."